पहिल्या अक्षरावर जोर

हाल्वोरने चिठ्ठीवरचा शब्द वाचला, "टुर्बिनरेगुलाटोर," आणि सगळा जोर पहिल्याच अक्षरावर आपटला.

वेमुन मान खाली घालून खुदखुदला. इंगविलच्या कागदावर टर्बाइनचा वेग आवरणाऱ्या यंत्राच्या या नावाचे रेघा मारून सहा तुकडे पाडलेले होते आणि जोराची खूण दुसऱ्या तुकड्यावर होती. वीजकेंद्रातल्या धोक्याच्या सूचना यापुढे यंत्र मोठ्याने वाचून दाखवणार होतं. हे लांबलचक शब्द कुठे तोडायचे, कुठे दाबायचे, ते जुन्या कामगारांकडून पडताळायला वेमुन आणि इंगविल ऑस्लोहून आली होती. हाल्वोरने इथे चौतीस वर्षं टर्बाइन सांभाळलं होतं.

आणि तो इंगविलचा बाप होता. वेमुनला हे ठाऊक नव्हतं. साडेनऊला हाल्वोर खोलीत आला, तेव्हा तिने "तुम्हीच हाल्वोर ना?" म्हणत परक्यासारखा हात पुढे केला होता. म्हाताऱ्यानेही तो तसाच हातात घेतला.

"आजोबा, हे अगदी गोठ्यातलं बोलणं झालं हं," वेमुन म्हणाला.

"आत यंत्रांचा गोंगाट असतो. पहिलंच अक्षर काय ते कानापर्यंत पोचतं, पोरी." मग हाल्वोर घाईने म्हणाला, "म्हणजे, बाई."

इंगविलचे कान तापले. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण तिने पुढची चिठ्ठी सरकवली. स्वतःच्या लग्नातही तिने बापाला असंच लपवलं होतं. तिथल्या रीतीने नवरीच्या बापाने जेवताना उठून भाषण करायचं असतं. "बाबा, तुला कशाला त्रास," म्हणून तिने ते मामाच्या गळ्यात घातलं. बाप म्हणाला होता, बरंच झालं, सुटलो.

बावीस शब्द वाचून हाल्वोर उठला. दोघांशी हात मिळवून, टोपी घालून निघून गेला.

वेमुन कागद आवरू लागला. "हे बघ, फाटकावर भरून घेतात तो कागद. अपघात झाला तर कोणाला कळवायचं, तिथे म्हाताऱ्याने लिहिलंय 'कोणी नाही'. बिचारा एकटाच दिसतो."

आई गेल्यापासून त्याला इंगविलच काय ती होती. ऑस्लोहून कोण येणार, हेही केंद्राने त्याला आठवड्यापूर्वीच कळवलं होतं.

तिने कागद ओढून घेतला. रागावून लिहिलं असेल, असं तिला वाटलं. रागच असू दे, असंही वाटलं. खाली सहीशेजारी वेळ होती, सकाळचे पावणेनऊ.

तिने ओळख नाकारायच्या पाऊण तास आधीच बापाने तिला मोकळं केलं होतं.