एकास तीन

फोन मध्येच बंद पडला. डॉक्टरांचं एवढंच ऐकू आलं होतं, "बाळाची साखर उतरलीय. दहा टक्क्यांचं ग्लुकोज शिरेतून द्या, पाच सीसी, आत्ताच्या आत्ता!" वैजयंती सिस्टरने पुन्हा पुन्हा हॅलो हॅलो केलं. पलीकडे नुसती खरखर.

तिने कपाट उघडलं. दहा टक्क्यांचं काहीच नाही. एक बाटली पाच टक्क्यांची आणि चार कुप्या पंचवीस टक्क्यांच्या. झालं का आता! मिसळायचं खरं, पण कितीस किती? कमी पडलं तर पोर हातचं जाणार. जास्त झालं तर ती दोऱ्याएवढी शीर जळणार.

आंबेगावच्या डोंगरात भाद्रपदातलं धुकं विचारून घरात शिरत नाही. भर दुपारी ते उपकेंद्राच्या खिडकीतून आत आलं होतं, आणि औषधांच्या फळीपासून खाटेपर्यंत सगळं पांढरं झालं होतं. बाळाचा बाप रामनाथ जीप आणायला घाट उतरला होता. झोळीतून आणलेली बाळंतीण खाटेवर भिंतीकडे तोंड करून, घोंगडीत गुरफटून पडली होती. सासूने, धोंडाबाईने, तिचं नाव सांगितलं होतं, अंबाबाई. ती स्वतः काही बोललीच नव्हती.

"बाई, ह्यो रडत न्हाई वो," मांडीवरच्या नातवाकडे बघत धोंडाबाई म्हणाली. "सकाळी लई रडत व्हता."

वैजयंतीने कागद ओढला. दोन बाळंतपणं उरकून दोन दिवस तिचा डोळ्याला डोळा नव्हता. "पंचवीस... पाच... दहा हवेत," ती पुटपुटली. आकडे धुक्यात तरंगायला लागले. पापण्या मिटल्या.

आणि समोर आश्रमशाळेचा वर्ग! फळ्यावर सावळेराम गुरुजींची खडूची फुली. गुरुजी नेहमी दुधापाण्याची गणितं घालायचे, आज मात्र फळ्यावर पंचवीस, पाच आणि दहा होते. "तिरकी वजाबाकी कर, वैजयंते." ती उभी राहिली आणि तिने तिचं जन्माचं ठरलेलं उत्तर दिलं, "निम्मं-निम्मं, गुरुजी." सगळा वर्ग खो खो हसला.

मग मागच्या बाकावरून ठकीची कुजबुज आली, अगदी पूर्वीसारखी. "एकास तीन."

ठकी! तिच्या कुजबुजीवरच तर वैजयंतीचं सगळं गणित निभावलं होतं. आठवीतच तिला शाळेतून उठवली आणि डोंगरापलीकडे देऊन टाकली. सासरी नाव काय ठेवलं, तेही कुणी सांगितलं नाही. त्या वर्षी मागचा रिकामा बाक बघून वैजयंती किती रडली होती!

ती दचकून जागी झाली. पण स्वप्नातल्या उत्तरावर कुणी लेकराचा जीव सोपवतं का? तिने कागदावर पडताळून पाहिलं. पंचवीसचा एक भाग, पंचवीस. पाचचे तीन भाग, पंधरा. झाले चाळीस. चार भागांत वाटले की दहा. बरोब्बर दहा! कुपीतलं पाच सीसी, बाटलीतलं पंधरा. त्यातलं पाच सीसी तिने सिरिंजमध्ये ओढलं. सुई नेमकी शिरेत बसली.

धोंडाबाईने डोळे मिटून घेतले. वैजयंती बाळाच्या ओठांकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने मूठ वळली, तोंड वेडंवाकडं केलं आणि असा टाहो फोडला की खिडकीतली चिमणी भुर्रकन उडाली.

"रडला गं बया, रडला!" म्हातारी हसतही होती नि रडतही होती.

वैजयंतीला हुंदका आवरेना. "माझी एक मैत्रीण होती, आजी," ती म्हणाली. "तिनं वाचवला याला. स्वप्नात येऊन सांगून गेली."

धोंडाबाईला काही कळलं नाही. खाटेवरची घोंगडी हलली. अंबाबाईने पहिल्यांदाच तोंड इकडे वळवलं.

"वैजे," ती म्हणाली, "आजून झोपेतबी निम्मं-निम्मंच म्हणतीस व्हय गं?"