साहेबाच्या हातचा नकाशा

“जपून हं, घडीवर चिरलाय,” श्रीपती मास्तर म्हणाले.

शिपायाने हात मागे घेतला. मास्तरांनी स्वतःच पत्र्याच्या नळीतून कागद काढला आणि प्रांत अधिकारी मृणालिनी मॅडमच्या टेबलावर पसरला. कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले. तांबूस कागदावर हाताने काढलेला उत्तनचा किनारा होता. समुद्र फिका निळा, कातळ बारीक रेघांचा. खाली तिरप्या इंग्रजी अक्षरांत साल होतं १८७१. उत्तनचं स्पेलिंगही साहेबी थाटात ‘ऊटन’ असं.

किनाऱ्याला लागून एक चौकोन होता. त्यात उभ्या काठ्यांच्या रांगा होत्या आणि वर इंग्रजीत लिहिलं होतं, मासळी वाळवण्याची जागा.

भांडण ह्याच चौकोनाचं होतं. शेजारच्या रिसॉर्टला तिथे गाड्या लावायच्या होत्या, आणि सरूबाईसारख्या कोळणींच्या चाळीस घरांचे बोंबील तिथेच वाळत होते. जागा गेली तर माणसांनी बोंबील काय गॅलरीत वाळवायचे? पण उत्तनकरांकडे कागद नव्हता आणि रिसॉर्टकडे कागदांची चळत होती.

मागच्या महिन्यात मॅडम जागा बघून आल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या काठ्या रोवून कातळात पडलेली भोकं सरूबाईने दाखवली. मॅडमनी एकात बोट घातलं, तर ते मुळापर्यंत आत गेलं. भोकाची कड गुळगुळीत झाली होती.

“भोकांवर तारीख नसते, मॅडम,” रिसॉर्टचे वकील नीरज तेव्हा गाडीत बसूनच म्हणाले होते. बोलणं झोंबणारं होतं, पण खोटं नव्हतं.

“आजी, मला पटतंय,” मॅडम म्हणाल्या होत्या. “पण निकाल लिहायला कागद लागतो. इंग्रजांच्या वेळचं काही असेल तर आणा.”

आज सुनावणीची शेवटची तारीख होती.

“हा मिळाला कुठे?” मॅडमनी विचारलं.

“माज्या आजेसासऱ्याच्या पेटीत व्हता. त्याचा बा सायबाची व्हडी वल्हवायचा. सायबानं त्याला दिला,” सरूबाईने वर्गात कविता म्हणावी तसं एका दमात सांगितलं आणि मास्तरांकडे बघितलं.

“आणि तुम्ही कोण?”

“ह्यांच्या मुलांचा चित्रकलेचा मास्तर. तीस वर्षं उत्तनला शिकवलं. आता रिटायर आहे, भाईंदर पूर्वेला राहतो.” मास्तरांनी घसा साफ केला. “कागद जीर्ण होता, मागून कापड लावून दिलं.”

मास्तरांचा उत्तनवर जीव होता. पहिल्या वर्षी ते तापाने पडले, तेव्हा सरूबाईने पंधरा दिवस पेज पाठवली होती. त्या गावाच्या पोटावर पाय येतोय म्हटल्यावर त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

शिपाई चहा-बिस्किटं घेऊन आला.

“मला नको,” मास्तर म्हणाले. “आठवडाभर आमच्या हिच्या हातचा गोडमिट्ट चहाच चहा झालाय घरात. आता वासही नको वाटतो.”

मॅडमनी भिंग काढलं आणि त्या वाकून बघू लागल्या. नीरज वकीलही बिस्कीट चावत वाकले. मास्तर उभेच होते.

“काय हात होता हो साहेबाचा!” वकिलांना राहवलं नाही. “काठीन्‌काठी काढलीय. सावलीसकट! आता असं कोण काढतंय?”

मास्तरांचे कान लाल झाले. ते खिडकीबाहेर बघू लागले.

टेबलाच्या पायावरून लाल मुंग्यांची रांग चढत होती. ती नकाशाच्या कोपऱ्याशी आली आणि तिथेच पसरली.

“सॉरी, माझ्या बिस्किटाचा चुरा,” म्हणत वकिलांनी रुमालाने झटकलं.

मॅडमनी बिस्किटांची बशी उचलून खिडकीत नेऊन ठेवली. मुंग्या तिकडे गेल्या नाहीत. पुन्हा कागदावरच आल्या. मॅडम थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग खुर्चीत टेकल्या.

“वकीलसाहेब, तुमचं काही म्हणणं?”

“नकाशा छानच आहे. पण तज्ज्ञांकडे तपासणीला पाठवा, म्हणजे आमचीही खात्री होईल.”

सरूबाईने मास्तरांची बाही घट्ट धरली.

“मुदत तुम्ही दोनदा घेतलीत, तिसऱ्यांदा मिळणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “आणि तपासणी मी केलीय. तुम्ही त्या दिवशी गाडीतून उतरला नाहीत. मी त्या भोकात बोट घालून आलेय.”

त्यांनी शिपायाकडून नकाशाची झेरॉक्स काढून घेतली आणि निकाल तिथेच सांगितला. जागा मासळी वाळवण्याचीच आहे आणि तशीच राहील. वकिलांनी खांदे उडवले आणि फोन कानाला लावत ते बाहेर गेले.

सरूबाई रडायलाच लागली. “बाय माजी, तुज्या पोराबाळांचं भलं व्हईल गो,” म्हणत तिने मॅडमचे दोन्ही हात धरले. “आता माजं बोंबील कुठं जात न्हाय!” बाहेर थांबलेल्या बायकांना सांगायला ती पदर सावरत जवळजवळ पळतच गेली.

मास्तर मागे थांबले. त्यांना मॅडमना काहीतरी सांगायचं होतं.

मॅडमनी फुंकर मारून कागदावरच्या मुंग्या उडवल्या. नकाशा हलक्या हाताने गुंडाळला, नळीत सरकवला आणि झाकण घट्ट लावलं.

“फाईलला झेरॉक्स पुरे. हा घरी घेऊन जा, आणि फार कुणाला दाखवू नका,” त्या नळी देत म्हणाल्या. मग दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. “आणि मास्तर, कागद जुना दिसायला चहात बुडवायचा असेल ना, तर चहा बिनसाखरेचा घ्यायचा.”