मुदत

सरकारी वसतिगृहातल्या लालबीला स्वयंपाकाच्या कामावरून काढलं, तेव्हापासून ती धाराशिवच्या कोर्टात सरकारशी भांडत होती. सरकारी वकील हर्षाली दर तारखेला उठायची आणि सरकारचं म्हणणं मांडायला मुदत मागायची. आज मात्र तिनं मुदत मागितली नाही. लालबीचं निवृत्तीचं वय उलटलंय, आता कामावर परत घेण्याचा प्रश्नच उरत नाही, एवढंच इंग्रजीत सांगून तिनं दावा निकाली काढून घेतला.

बाहेर लालबीनं तिचे दोन्ही हात धरले. "माझ्या वकिलानं कधी तोंड दावलं न्हाय, बाई. दर तारखेला माझ्यासाठी तुमीच हुब्या ऱ्हायल्या. मग, कामावर कधीपासनं जाऊ?"

हर्षालीला हात सोडवून घेता येईनात.

"मावशी," ती म्हणाली, "थोडी मुदत द्या."