न वाळणारी पट्टी

रेवाच्या कपाळावरची मिठाच्या पाण्याची पट्टी दिगंबरने उचलली. ती तिच्या अंगाइतकीच गरम होती आणि ठेवली तेव्हा होती तेवढीच ओली.

"बदल की, बघत काय बसलायस?" त्याची आई म्हणाली. गावातला बर्फ कालच संपला होता.

"उपयोग नाही, आई. पाणी उडालं तरच ताप उतरतो."

"मग उडव! थांबवताना बरं जमलं?"

चार वर्षांपूर्वी त्यानेच होडीत उभं राहून धरणात भुकटी टाकली होती. पाण्याची वाफ होऊ नये, साठा टिकावा म्हणून. साठा टिकला, गावाने त्याला फेटा बांधला. पुढे ती भुकटी नदीतून समुद्रात पोचली, पसरत गेली. ढग धरेनासे झाले. पिण्याच्या पाण्यातून ती अंगात भिनली आणि घामसुद्धा अंगावर तसाच राहू लागला.

"बाबा, फुंकर घाला ना."

तो वाकून फुंकर घालत राहिला. कपाळावरचे थेंब नुसते इकडून तिकडे सरकले.

"पुरे, दमलात तुम्ही," रेवा पुटपुटली. "गार वाटतंय मला."

आईने थर्मामीटर वाचला आणि त्याला न दाखवता पदराआड धरला.