साहेबाची सुई

सेहेचाळीस साली सोनईजवळच्या आमच्या वाडीची इहीर आटली, तवा पानी हुडकायला एक साहेब यंतर घिऊन आला. म्हनला, "भूकंप झाला की हादरे जमिनीखालून जातात. खडकातल्या भेगेत पाणी असेल तर ही सुई दाखवते."

"आन् भूकंप कवा व्हनार?" मी इचारलं.

"शंभर वर्षांतून एखादा."

माझी शेजारीन शरिफा फिसकारली, "मंग तवर थुकी गिळायची व्हय?"

वाडीतल्या समद्या बाया मुसळं घिऊन इहिरीजवळच्या खडकातल्या भेगंवर हुभ्या ऱ्हायल्या, आन् आमी एकदम जमीन कुटली. सुई लागली नाचायला. साहेब वराडला, "भूकंप! पाणी आहे! थांबा, किती खोल त्याचं गणित मांडतो."

मी म्हनलं, "मांडा की, पन आदी बूट काढा. भिजत्यात."