शिवायचं नाही

"पुढे येऊ नका, सरोजाम्मा. बादली तिथंच ठेवा." हॉस्पिटलच्या व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्या नागलक्ष्मीने ओल्या साडीचा काठ आवरून धरला.

आत खाटेवर तिची सात वर्षांची वर्षा तापाने फणफणत होती. मेंदूज्वर. आज पाचवा दिवस. बाजारात नुकतंच आलेलं परदेशी इंजेक्शनही देऊन झालं होतं. "आता वाट पाहायची," म्हणून डॉक्टर मोकळे झाले. नवरा दिवसभर पापनाशमला कचेरीत, संध्याकाळी येऊन मुलीपाशी बसे. नागलक्ष्मीच्या हाती उरलं काय? देव पाण्यात घालून बसणं. तिने पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीला नवस बोलला होता: ताप उतरेपर्यंत कडक सोवळं, कुणाला म्हणून शिवायचं नाही.

आता हॉस्पिटलात कसलं आलंय सोवळं? खाट ओवळी, चादर ओवळी, पोटची पोरसुद्धा ओवळी. म्हणून ती दारातूनच बघे आणि मागे फिरे. खरं सांगायचं तर पोर कण्हू लागली की तिला बघवत नसे, आणि नवस आयताच मदतीला येई.

सरोजा आया चर्चला जाणारी. बादली ठेवून ती पायरीवर टेकली.

"आमच्या पुस्तकात एक दासी आहे, मामी. हागार. तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. मालकाने पोरासकट रानात घालवून दिली. पाणी संपलं. तेव्हा पोराला झुडपाखाली टाकून ती लांब जाऊन बसली. म्हणाली, त्याला मरताना मला बघवायचं नाही."

नागलक्ष्मीची नजर दाराकडे गेली. "मग देवाने पाणी दिलं?"

"ते नंतर. आधी म्हणाला, ऊठ, पोराचा हात धर. विहीर तिला मागाहून दिसली."

"आणि नसतीच दिसली तर?"

"तर हात तरी धरलेला असता, मामी."

सरोजा उठून कामाला गेली. नागलक्ष्मी तिथंच बसून राहिली. नवस मोडला आणि देवी कोपली तर? पोर गेली तर ते पाप जन्मभर आपल्याच माथी. इकडे आड तिकडे विहीर. आत वर्षा पुन्हा कण्हली. नागलक्ष्मी उठली.

तिने उंबरा ओलांडला आणि वर्षाचा हात दोन्ही हातांत घेतला. हात भाजत होता. ताप काही उतरला नाही, कुठली विहीरही दिसली नाही. नागलक्ष्मी नुसती रडत राहिली.

वर्षाने डोळे किलकिले केले. धरलेल्या हाताकडे ती बराच वेळ बघत होती.

"अम्मा, शिवलीस तू?"

"हो गं राणी."

"मला वाटलं, मी मेले. म्हणून तू शिवत नाहीस."