विरळ हवेतला पाहुणा

चार हजार मीटर उंचीवरच्या ला पाझच्या विमानतळावर कुणी प्रवासी छाती धरून खाली बसला, की फ्रोइलान गाईड कोकाच्या पानांचा चहा पुढे करून हमखास विचारायचा, "पहिल्यांदाच आलात का वर?" त्याला स्वतःलाच तसं होऊन चौथ्यांदा इस्पितळात आणलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. हे पॅनिक अटॅक आहेत. गोळ्या देतेय, पण झटका आला की इकडे धावत सुटू नका. प्रवाशाला धाप लागली की काय सांगता त्याला?"

"हवा विरळ आहे, सावकाश श्वास सोडा, दहा मिनिटांत बरं वाटेल."

"वाटतं?"

"वाटतं म्हणजे काय! बावीस वर्षं बघतोय."

"मग तेच सांगा की स्वतःला."

"अहो, मी काय पाहुणा आहे? जन्म इथलाच माझा!"

मंगळवारी रोपवेच्या पाळण्यात तो एकटाच होता. हातांना मुंग्या आल्या, आता मेलोच असं वाटलं. काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबाला त्याने अदबीनं विचारलं, "पहिल्यांदाच आलात का, साहेब?"

"नाही हो," सावकाश श्वास सोडत तो म्हणाला, "पण दर खेपेला पहिल्यांदाच आल्यासारखं वाटतं."